तीन नंबरची विहीर

बाटलीमास्तर विहिरीजवळ आले की दहा पावलं अलीकडेच चपला काढायचे. आमच्या वाडीतल्या बायकांना वाटायचं, किती भाविक माणूस, विहिरीलासुद्धा देवासारखी मानतो. मी एकदा विचारलंच. तर म्हणाले, "भाव कसला, बाय? चपलेला रस्त्याचं डांबर लागलेलं असतं. त्यातला कण आत पडला तर माझा महिना फुकट." डोक्याला तेल लावायचे नाहीत. केस कुंच्यासारखे उभे. विहिरीवर यायच्या दिवशी अंगाला साबणही नाही. हाताला कसलाच वास नको म्हणून.

"मग बायको काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, लग्न विहिरीशीच करायचं होतंत, मला कशाला फसवलंत?"

हे माणूस हसायचं फार कमी. असं काही बोलले की स्वतःच चपापायचे आणि बाटल्या मोजायला लागायचे.

ते राहायचे आगाशीला. पाणी तपासणाऱ्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. खांद्याला लाकडी पेटी, पेटीत कप्पे, कप्प्यांत काचेच्या बुचाच्या बाटल्या. पहिल्यांदा बसमधून उतरून वाडीत आले तेव्हा ताडीच्या माडाखाली बसलेल्या पुरुषांना वाटलं, कोणी नवा दारूवाला आला. एकाने हाक मारली, "ओ मास्तर, एक बाटली हिकडं पण!" मास्तर थांबले, पेटी उघडली आणि म्हणाले, "घ्या. पण ही तुमच्या विहिरीचं पाणी भरायला आहे. प्यालात तर मोटारीसारखा धूर निघेल." त्या दिवसापासून त्यांचं नाव बाटलीमास्तर. खऱ्या नावाने त्यांना आमच्याकडे कोणी हाक मारली नाही.

ते आले आमच्या विहिरीमुळे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची वाडी होळी नावाच्या बाजारापासून चालत जाण्याइतकी. केळी, पानवेली, थोडा मोगरा. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. एके दिवशी भात शिजला आणि त्याला रॉकेलसारखा वास आला. आम्ही आधी इंजिनाला शिव्या दिल्या. आमच्या ह्यांनी ते खोलून पुसलं, पुन्हा जोडलं. वास तसाच. विहिरीत वाकून पाहिलं तर पाण्यावर मोरपिसासारखे रंग. पाचूबंदरची मासेवाली अंगणात बसली होती. मी तिला मासे धुवायला पाणी दिलं, तर तिने बालदी हुंगली आणि सरकवली. "बाय, तुझं पानी नको. या पान्यान धुतलं तर माझे बोंबील मोटारीगत पलतील." सगळे हसले. मीही हसले. पण मग ती आमच्या अंगणात बसेनाशी झाली.

दोष इंजिनाचा नव्हता. वाडीच्या वरच्या बाजूला रस्त्यालगत मालमोटारींचा एक अड्डा होता. त्यांनी जमिनीत डिझेलची टाकी पुरली होती, ती खालून गळत होती. किती वर्षं गळत होती देव जाणे. आमची जमीन रेताड. वर ओतलेलं खाली जातं आणि पश्चिमेला सरकतं. तक्रार झाली, साहेब आले, टाकी रिकामी करून बंद केली. पण टाकीखालची रेती काळी होऊन बसली होती, ती कोण काढणार? ती काढायची की तशीच ठेवायची, हे ठरवायला मास्तरांना पाठवलं.

मास्तरांनी पाच विहिरी निवडल्या आणि त्यांच्या कठड्यांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले. आमची तीन नंबर. तिच्या पश्चिमेला माझ्या धाकट्या जावेची, मार्थाची, ती चार नंबर. चार नंबरचं पाणी गोड होतं. वास नाही, रंग नाही. आम्ही प्यायचं पाणी तिथूनच आणायचो. दोन हंडे सकाळी, दोन संध्याकाळी. मार्था कधी तोंड वाकडं करायची नाही. उलट दोर स्वतःच ओढायची. म्हणायची, "वयनी, तुझी कंबर धरते. सर, मी काढते."

मास्तर यायचे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. आधी काचेची लांब नळी सोडून वरचा तेलाचा थर किती बोटं आहे ते बघायचे. मग बूच लावलेली बाटली दोराने खाली सोडायची, तेलाच्या थराच्या पार खाली गेली की दुसऱ्या दोरीने बूच ओढायचं. वर आली की तिच्यात दोन औषधांचे थेंब टाकायचे आणि बाटली उलटीसुलटी करायची. आत दह्यासारखं काहीतरी बसायचं. कधी पांढरं, कधी तपकिरी. आमच्या विहिरीत नेहमी पांढरं.

"पांढरं म्हणजे चांगलं का?" मी विचारलं.

"पांढरं म्हणजे पाण्यात हवा उरली नाही."

"म्हणजे वाईटच की."

"तसं नाही, बाय." मास्तर उकिडवे बसले. "मातीत डोळ्याला न दिसणारे जीव असतात. तेल हे त्यांचं जेवण. जेवताना ते हवा संपवतात. पांढरं दिसलं की समजायचं, पंगत बसलेली आहे. जेवण संपलं, पानं उचलली, की हवा परत येते. मग तपकिरी."

"आणि पंगत किती दिवस?"

"ते बघायलाच तर मी येतो."

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "मास्तर, पगार कसला घेता हो? जमीन जेवणार आणि तुम्ही नुसतं बघणार!" मास्तरांना राग आला नाही. ते म्हणाले, "नुसतं बघणं फार कठीण असतं. हात शिवशिवतात. प्रत्येकाला वाटतं, काहीतरी करावं. चुना टाकावा, लाल औषध टाकावं. तुम्ही फक्त एक करा. विहिरीला हात लावू नका. तिचं तिला करू द्या."

त्यांचं कचेरीत भांडण चाललं होतं, हे मला हळूहळू कळलं. साहेबांना झटपट निकाल हवा होता. मास्तरांचं म्हणणं असं, की काळी रेती काढावीच, पण जे पाण्यात उतरलंय ते जमीन स्वतः संपवते. मात्र ते खरोखर संपतंय का, हे वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय बोलायचं नाही. असं कोणी इकडे मोजलेलं नव्हतं. त्यांची एक जाड वही होती, कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात ते पेन्सिलीने लिहायचे, कारण शाई पाण्याने पसरते. पावसाळ्यात वही बनियनच्या आत. स्वतः भिजायचे. नाताळात आगाशीहून सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणायचे, केळीच्या सोपट्यात बांधलेली. माझ्या मुलीच्या, सिसिलच्या, हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आधी हात धू. मार्थाबायच्या पाण्याने."

तीन वर्षं अशी गेली. तेलाचा थर दोन बोटांचा एक बोट झाला, मग अर्ध्या बोटाच्या आसपास अडकून बसला. दही पांढरंच. मास्तर म्हणायचे, घाई नाही. घाई मला होती. सिसिल एकोणीस वर्षांची झाली होती.

राजोडीचं स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलाची आई चहा पिता पिता म्हणाली, "पाणी घरचंच ना?" मी हो म्हटलं. चहा मार्थाच्या पाण्याचा होता. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत नवरीच्या घरच्या विहिरीवर जातात, पाणी काढतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी आणलं की लोक बोलायला मोकळे, की या घराचं पाणी आटलं. लग्न पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ठरलं. राजोडीच्या बायका विहिरीवर येणार, कठड्यावरून वाकून बघणार.

आता मी जे केलं ते सांगते. पहिल्यांदा केलं तेव्हा त्यात कपट नव्हतं. पाहुणा यायचा असला की आपण अंगण झाडतो. मंगळवारी सकाळी मला वाटलं, मास्तर येतील आणि पुन्हा तोच वंगाळ थर बघतील. तीन वर्षं झाली, आपली विहीर जराही शहाणी होत नाही. लाज वाटली. मी जुनं गोणपाट दोराला बांधून पाण्यावर सोडलं, तेल टिपलं, वर काढून पिळलं, पुन्हा सोडलं. मग बालदीने पाणी उपसलं. हात दुखेपर्यंत उपसलं आणि पाटात ओतलं. पाणी बरं दिसायला लागलं. कठडा धुतला. मग मास्तरांची वाट बघत बसले.

मास्तर आले. चपला काढल्या, नळी सोडली. बाटली काढली, थेंब टाकले, उलटीसुलटी केली. दही बसलं ते फिकट तपकिरी. त्यांनी बाटली उन्हात धरली. पुन्हा एक भरली. तीही तपकिरी. माणूस मटकन कठड्याला टेकून बसला. "बाय," म्हणाले, "पानं उचलायला लागली हो." त्यांचे डोळे भरले होते. मी कोणा पुरुषाला पाण्याच्या बाटलीसाठी रडताना पाहिलं नव्हतं.

तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे मागून चहा घेतला.

पुढच्या दुसऱ्या मंगळवारी मी पुन्हा उपसलं. त्याच्या पुढच्याही. आमच्या ह्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "मास्तरांना बरं वाटतंय ना? मग वाटू दे. आणि विहीर पण साफ होतेय." मलाही तसंच वाटायचं. वरचं तेल काढलं तर कमीच होणार की! वर्षभर मी हे केलं. मास्तरांच्या वहीत तीन नंबरच्या विहिरीची रेघ उतरत उतरत तळाला गेली. त्यांनी ती मला दाखवली. "ही बघा तुमची विहीर. पाचांत सगळ्यात हुशार."

लग्न झालं. पाणी विहिरीतून काढलं. थोडा वास होता, तो मी मोगऱ्याने झाकला. सिसिलला त्याने आंघोळ घातली. ती सुखाने राजोडीला गेली. मास्तर लग्नाला आले होते. सगळे मांडवात, ते विहिरीपाशी उभे.

त्याच सुमारास त्यांनी कचेरीला अहवाल दिला. त्यांनी लिहिलं होतं, की जमीन तेल संपवते, पण काळी रेती काढा आणि विहिरींवर अजून काही वर्षं लक्ष ठेवा. साहेबांनी तीन नंबरची रेघ पाहिली आणि पहिलं तेवढं उचललं. टाकीच्या इतक्या जवळची विहीर एका वर्षात साफ होते, तर रेती काढायची कशाला? आणि मास्तरांनी दर महिन्याला यायचं तरी कशाला? काम बंद.

पुढच्या पावसाळ्यानंतर मार्थाने मला हाक मारली. "वयनी, हे हुंगून बघ गं. मला सर्दी आहे का काय?"

तिला सर्दी नव्हती.

काळी रेती तिथेच होती, ती पाझरत राहिली. आणि मी वर्षभर जे उपसलं ते ज्या पाटात ओतलं, तो पाट मार्थाच्या वाडीतून जातो. तिच्या विहिरीला लागून. हे मला तिच्या कठड्यावर उभं राहिल्यावर कळलं. त्याआधी एकदाही मनात आलं नव्हतं. पाटात ओतलेलं पाणी वाहून जातं, असंच आम्हाला वाटायचं. मार्थाच्या पानवेली आधी पिवळ्या पडल्या, मग काळ्या. दोघी जावा चर्चच्या विहिरीवरून पाणी आणायला लागलो. ती पुढे, मी मागे. साफ झाली तरी प्यायचा धीर होत नाही, असं मी तिला सांगितलं होतं. "तुझं तरी बरं झालं, वयनी," ती म्हणायची. "तुझी साफ झाली."

मास्तरांना पुन्हा बोलावलं. ते मंगळवारी आले नाहीत, शुक्रवारी आले, न सांगता. आधी चार नंबर बघितली, मग आमची. मी शेणी थापत होते. लांबूनच दिसलं. दही पांढरंफेक. त्यांनी सहा बाटल्या भरल्या. सहाही पांढऱ्या. नळी सोडली तर बोटभर तेल. ते तिथे बराच वेळ वही उघडून बसले. मग माझ्याकडे आले. पाय अनवाणीच.

"बाय, एक विचारू? मी यायचो त्या दिवशी तुम्ही विहिरीला काही करत होतात का?"

माझ्या हाताला शेण होतं. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "नाही."

त्यांनी लगेच मान हलवली. "नाही, नाही. तुम्ही कशाला कराल! माझंच चुकलं असणार. बाटली भरताना माझ्याच हातून हवा शिरत असेल. वर्षभर शिरली, आणि मला कळलं नाही." माझी माफी मागितली त्यांनी. संशय घेतला म्हणून.

त्यांनी कचेरीत तसंच लिहून दिलं, की चूक आपल्याच हाताची. मग त्यांच्या इतर विहिरींच्या आकड्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार? सगळी वही बाजूला पडली. जमीन जेवते म्हणणारा माणूस म्हणून कचेरीत त्यांची चेष्टा व्हायला लागली. त्यांना विहिरींवरून काढलं आणि भांडारात बसवलं. रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि घ्यायच्या. हे मला बसच्या कंडक्टरकडून कळलं. तोही आगाशीचा होता.

चार-पाच वर्षं मी गप्प राहिले. आमचे हे गेले. त्यानंतरच्या उपवासकाळात पापनिवेदनाला बसले आणि फादरना सगळं सांगितलं. मला वाटलं, देतील काहीतरी प्रार्थना. ते म्हणाले, "देवाचं देव बघेल. तू आगाशीला जा."

गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी नाव सांगितलं तर तिला कळेना. मग वाडी सांगितली. तिचा चेहरा बदलला. "तीन नंबरच्या ना तुम्ही? या. आमच्या घरात तुमचं नाव देवापेक्षा जास्त वेळा निघालंय."

मास्तर खाटेवर होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, बोलणं अडखळत. केसांना आता तेल लावलेलं, चापून बसवलेले. ते पाहून मला रडू आलं, पण रडायला आले नव्हते. उभ्याउभ्याच सांगितलं. गोणपाट, बालद्या, पाट, लग्न, आणि शुक्रवारचं खोटं.

मला वाटलं, शिव्या देतील. मी त्यासाठीच गेले होते. मास्तरांचं तोंड उजळलं. त्यांनी डाव्या हाताने बायकोला खूण केली. "वही. वही आण." तिने कपाटातून ती कापडी पुठ्ठ्याची वही काढली. त्यांनी पेन्सिल डाव्या हातात धरली. "म्हणजे माझा हात चुकला नव्हता," ते म्हणाले. "बालदी आपटली की हवा आत जाते. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. मग आता सांगा, बाय. कुठल्या महिन्यापासून? पहिल्या खेपेला किती बालद्या?"

मी आठवायला लागले. "पहिल्यांदा चाळीस असतील. पन्नास असतील."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेवढ्याच. थोड्या जास्त. उन्हाळ्यात जास्त काढल्या."

"किती जास्त?"

मला आठवेना. मी मोजल्याच नव्हत्या. हात दुखेपर्यंत काढायचे, एवढंच ठाऊक. सुरुवात नाताळच्या आधी झाली की नंतर, तेही सांगता येईना. मास्तर थांबले होते. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं.

"असू दे," शेवटी म्हणाले. "ते वर्ष सोडून देऊ."

"आधीची तीन वर्षं खरी आहेत, मास्तर," मी म्हटलं. "तेव्हा मी विहिरीला बोट लावलं नाही. शपथ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. फार दमलेल्या माणसासारखं. "ते तुम्ही सांगताय, बाय," ते म्हणाले.

मग तीन नंबरची पानं एकेक उलटून त्यांनी डाव्या हाताने त्यांवर रेघा मारल्या. वाकड्यातिकड्या. चारही वर्षांच्या पानांवर. त्यांच्या बायकोने तोंड फिरवलं. शेवटच्या पानावर रेघ मारून झाल्यावर त्यांनी तिला सांगितलं, "बायंना चहा कर. लांबून आल्यात." मी चहा घेतला. सगळा प्यायले.

त्याच वर्षी पावसात ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं. मार्था त्यानंतर दोन वर्षांनी गेली. तिला मी सांगितलं नाही. फादरनी फक्त आगाशीचं नाव घेतलं होतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

आता आमच्या विहिरीला वास येत नाही. पाणी स्वच्छ आहे. मार्थाच्याही विहिरीचं स्वच्छ आहे. काळी रेती शेवटपर्यंत कोणी काढली नाही, वर इमारत झाली. म्हणजे मास्तर म्हणायचे ते खरं होतं. जमिनीने संपवलं. पण कधी संपवलं, कुठल्या साली, किती वर्षांत, हे कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. मोजणारं कोणी उरलं नव्हतं. सुनेची पाणी भरताना बालदी हुंगायची सवय सुटलेली एकदा दिसली, म्हणून मी हुंगून बघितलं, तर वास नव्हता. एवढंच.